जागलीची बॅटरी आणि बिनखिडकीची खोली

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. शहरात तुम्ही मला टॉर्च म्हणाल, पण मोहर्लीच्या वाटेवरच्या आमच्या गावात मला बॅटरीच म्हणतात आणि माझ्या पोटात जे घालतात त्यांना सेल. माझं अंग पितळेचं. वरचा चकचकीत मुलामा हाताच्या घामानं कधीच गेला, आता टोपणाजवळ तेवढा थोडा उरला आहे. मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते. बोलता बोलता मी मंद झाले तर मला तळहातावर आपटून पाहू नका. ते माझ्या आयुष्यात पुष्कळ झालं आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला, पण मला पहिला हात लागला तो चंद्रपूरच्या बाजारात. तिथं नूर मोहम्मद यांचं स्टोव्ह, कंदील आणि बॅटऱ्यांचं दुकान होतं. तीसेक वर्षांपूर्वी गुणवंतराव नावाचा एक तरुण शेतकरी तिथं आला. लग्न नवं होतं, शेत जंगलाला लागून होतं. त्यानं मला दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या भागात लावून पाहिलं. माझा झोत थेट भिंतीवरच्या कोळ्यापर्यंत गेला. "हेच द्या," तो म्हणाला. मला फार अभिमान वाटला. नोकरी कसली आहे हे तेव्हा मला कुठं ठाऊक होतं!

नोकरी जागलीची होती. जंगलाकाठी धान पिकवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं ते राखण्याचं. रानडुकरांचा कळप एका रात्रीत चार महिन्यांची मेहनत लोळवून जातो. म्हणून शेतात लाकडाचं मचाण बांधायचं आणि अंधार पडला की त्यावर जाऊन बसायचं. धान निघालं की हरभरा, हरभरा निघाला की थोडे दिवस सुटका. गुणवंतराव बसायचा आणि मी त्याच्या मांडीवर पडून असायचे. खसफस झाली की तो माझी कळ सरकवायचा. समोर डोळे चमकले की ओरडायचं, डबा बडवायचा. डोळे चमकले नाहीत की मला विझवायचं आणि पुन्हा कान लावून बसायचं.

मात्र मचाणावर चढल्याबरोबर तो आधी एक काम करी. घराच्या दिशेनं मला तीनदा चमकवी. त्याची बायको रुखमाबाई मागच्या दारी उभी असे. तिला तीनदा चमक दिसली, की माणूस धड पोचला. पहाटेकडे पुन्हा तीनदा. निरोप माझाच असे. त्याला शब्द नव्हते, पण तो कधी चुकला नाही.

सकाळी लोक झोपून उठत तेव्हा गुणवंतराव घरी येई आणि बैलांना वैरण घाली. झोप तो तुकड्यातुकड्यानं घेई. एसटीत झोपे, लग्नाच्या मांडवात झोपे, न्हाव्याच्या खुर्चीत तर हमखास. "गुणवंता बसला का घोरला," म्हणून गावात हसत. एकदा पुतणीच्या लग्नात अक्षता हातात धरूनच झोपला. मी कधी हसले नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

कौतुकाचे दिवसही आले. एकदा शेताच्या बांधावर वाघ येऊन बसला होता. गुणवंतरावानं मला इतका वेळ स्थिर धरलं की माझी काच तापली. वाघ उठून गेला आणि मग कुठं त्यानं मला विझवलं. दुसऱ्या दिवशी गावातली माणसं मला हातात घेऊन पाहत होती. जणू वाघाला मीच समजावून पाठवलं होतं.

पुढं काळ बदलला. गुणवंतरावाचा मुलगा निकेश मोहर्लीला जंगल-सफारीची जिप्सी चालवू लागला. त्यानं वडिलांना कपाळावर बांधायचा दिवा आणून दिला, कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं मशीन लावून दिलं. मला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण खरं सांगते, तो दिवा चांगला निघाला. हात मोकळे राहत. झटक्याची तार मात्र डुकरं तोडत, म्हणून जागल चालूच राहिली; फक्त माझी गेली. मला फडताळात ठेवलं आणि पोटातले सेल काढायचे राहून गेले. ते आतल्या आत फुटले. हिरवा गंज चढला. तीन वर्षं मी तशीच पडून होते.

मग या फाल्गुनात हरभरा घरात आला आणि निकेशनं जाहीर केलं की आईबाबांना समुद्र दाखवायचा. मुंबईहून जहाजानं दोन रात्रींची सहल, तो आणि त्याची बायको पुनम धरून चौघं. गाव हा हा म्हणता गोळा झालं. गुणवंतरावानं फडताळ उघडलं आणि मला बाहेर काढलं.

जहाजाची खोली ठरवायला चौघं चंद्रपूरला गेले आणि मी थैलीतून त्यांच्याबरोबर. दुकान पाहून मी चाटच पडले. तेच दुकान! पुढच्या काउंटरवर आता नूर मोहम्मद यांची मुलगी नाहीद रेल्वेची, विमानाची, सहलीची तिकिटं काढत होती. मागच्या कोपऱ्यात एका टेबलाशी नूर मोहम्मद बसले होते. दाढी पांढरी, चष्मा जाड, समोर दुरुस्तीला आलेला स्टोव्ह.

"गुणवंतभाऊ, हे अजून जिंदा आहे?" मला पाहून ते म्हणाले. "मले वाटलं, कबाडीत गेली असन."

"जिंदा कायची? सेल फुटले पोटात. पाहा काही होते का. जहाजावर न्याची आहे."

"जहाजावर बॅटरी कायले? तिथी तं लाइटच लाइट राह्यते."

"पोरानं दिलेला दिवा कपाळावर बांधून झोपता येत नाई, भाऊ. हे हाताखाली लागते."

नूर मोहम्मदांनी माझं बूड उघडलं, स्प्रिंग काढली आणि गंज खरवडायला घेतला. गुणवंतराव शेजारच्या स्टुलावर टेकला आणि सवयीप्रमाणं त्याचे डोळे मिटले. मी पोट उघडं टाकून टेबलावर पडले होते, तरी ऐकू सगळं येत होतं.

"ताई, आमाले बाल्कनीवाल्याच द्या," निकेश नाहीदला सांगत होता. "दोन खोल्या, बाजूबाजूले."

"आधी सगळे प्रकार पाहून घ्या, निकेशभाऊ. नंतर लोक माझ्याशी भांडायला येतात." नाहीदनं पडदा त्यांच्याकडे वळवला. "ही बाल्कनीची. बाहेर दोन खुर्च्या टाकून बसता येतं. ही खिडकीची, पण खिडकी उघडत नाही, फक्त बघायची. आणि ही आतली, जहाजाच्या मधोमध. हिला खिडकीच नाही. काही लोकांना कोंडल्यासारखं होतं. लाइट बंद केला की दिवस आहे का रात्र, तेसुद्धा कळत नाही."

स्टुलावरून आवाज आला. "दिवसा बी?"

सगळ्यांनी मागं पाहिलं. गुणवंतरावाचे डोळे टक्क उघडे होते.

"दिवसा पण, काका," नाहीद म्हणाली.

"बाहेरचा आवाज?"

"फारसा नाही. मशीनची थोडी घरघर."

"दार किती?"

"एकच. आतून बंद होतं."

"मंग आमाले तेच पाह्यजे."

निकेश कपाळावर हात मारून हसला. "बाबा, पैशाकडे नका पाहू. हौसेले मोल नसते. माह्या गाडीत एका साइडच्या सीटसाठी पाहुणे भांडून राह्यले, आन तुमी खिडकीच नको म्हनता?"

"म्या तं माहेरी सांगून ठेवलं, मामाजी," पुनम सासऱ्याला म्हणाली, "का आमी गॅलरीत बसून समुद्राकडे पाहत चहा पिऊ." ती सासूकडे वळली. "आत्याबाई, तुमी सांगा ना."

"मले काय, कुठीबी चालते," रुखमाबाई म्हणाली. पण ती नवऱ्याकडे पाहत होती.

"आतलीच," गुणवंतराव पुन्हा म्हणाला. कारण सांगणं त्याला जमत नव्हतं. आयुष्यभर जनावरांवर ओरडलेल्या माणसाला घरच्यांशी बोलायला शब्द सापडत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

निकेशचा चेहरा पडला. हौसेनं आणलेलं ताट कुणी बाजूला सारावं तसं त्याला झालं असणार. त्याचंही चुकत नव्हतं. "तुमी बाल्कनीच करा, ताई," तो हळूच म्हणाला. "गेल्यावर त्याईले आवडन. सारी जिंदगी असंच करत आले ते, सोताच्या जिवाले काहीच घेत नाई."

नाहीदनं आधार कार्डं मागितली आणि नावं भरायला सुरुवात केली. गुणवंतराव गुणाजी, वय साठ. मला ओरडावंसं वाटलं. त्याला चिक्कू समजू नका, त्याला काय हवं आहे ते मला ठाऊक आहे! पण माझी स्प्रिंग नूर मोहम्मदांच्या चिमटीत होती आणि पोटात एकही सेल नव्हता.

तेवढ्यात गुणवंतराव उठला. काउंटरपाशी जाऊन त्यानं पडद्यावरचा बाल्कनीचा फोटो जवळून पाहिला. संध्याकाळचा फोटो होता तो. कठडा, दोन खुर्च्या, पलीकडं काळं पडत चाललेलं पाणी. त्यानं बराच वेळ पाहिलं.

"निकेश, इथी रात्री कोन बसन?"

"कोनीच नाई, बाबा. वाटलं तर बसाचं, नाई तं झोपाचं."

"समोर अंधार, खाली अंधार आन मंधात हे कठडं. हे तं मचानच आहे रे." त्याचा आवाज अगदी साधा होता. "मचान समोर असल्यावर मी आत कसा झोपीन? खुर्ची घेऊन बाहेरच बसीन. मी मले ओळखतो. तुमी मले समुद्रावर बी जागलीलेच बसवून राह्यले."

नूर मोहम्मदांचा खरवडणारा हात थांबला.

"तीस वर्स बसलो," तो म्हणाला. "मले समुद्र नाई पाह्याचा, बेटा. मले एकडाव झोपाचं आहे. चारी बाजूनं बंद. कुठूनच काही येनार नाई, अशा जागी."

मग रुखमाबाई पुढं आली. "आतलीच लिही, बाई," ती नाहीदला म्हणाली. "आमा दोघाईची. हे मचानावर जागले, मी मागच्या दारी जागली. बॅटरी दिसली तरी डोया कुठी लागे?"

निकेश खाली मान घालून उभा होता. त्या तीस वर्षांत आमच्या घरात रात्रभर गाढ झोपलेलं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे निकेश. हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"आतली करा, ताई," शेवटी तो म्हणाला.

"तुमची गॅलरीवालीच घ्या," गुणवंतराव म्हणाला. "तुह्या मायले समुद्र पाह्याचा असन तं येईन ते तिथी चहा प्याले."

नूर मोहम्मदांनी नवे सेल घालून माझी कळ सरकवली. तीन वर्षांनी मी पेटले. उजेड पिवळा होता, पण होता. "घ्या भाऊ," ते म्हणाले. "पण सांगून ठेवतो, हे तिथी लागनार नाई."

रेल्वेत मी चिवड्याच्या डब्याशेजारी होते आणि बंदरावर तपासणी करणाऱ्या दोघांनी मला बाहेर काढून उलटसुलट पाहिलं. समुद्र मी पाहिलाच नाही. खोली पाहिली ती लहानशी, दोन पलंग मावतील एवढी. रुखमाबाईनं चारी भिंतींना हात लावून पाहिला. गुणवंतरावानं दाराची कडी दोनदा लावून पाहिली. बाहेर लख्ख दुपार होती, चारही वाजले नव्हते. त्यानं दिवा बंद केला.

मित्रांनो, असा अंधार मी जंगलातही पाहिला नव्हता. जंगलात चांदण्या तरी असतात.

त्याचा हात माझ्यावर आला. सवयीनं त्यानं झोत फिरवला. एक भिंत, दुसरी भिंत, कपाट, दार. पलंगाखाली दोन ठिपके चमकले तेव्हा त्याचा हात थबकला, पण त्या बॅगेच्या कड्या होत्या. बाकी कुठंच काही नव्हतं. त्यानं मला विझवलं. थोडा वेळ गेला. मग त्यानं मला पलीकडच्या पलंगाकडे वळवलं, हातभर अंतरावर, आणि तीनदा चमकवलं.

"दिसली," रुखमाबाई अंधारातून म्हणाली. "झोपा आता."

ते दोघं झोपले ते झोपलेच. संध्याकाळच्या नाचगाण्याला निकेशनं दार वाजवून पाहिलं, जेवणालाही वाजवलं. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा वाजवलं नाही. सकाळी खोली झाडायला कुणीतरी आलं, तेव्हा दारापलीकडून मला निकेशचा दबका आवाज ऐकू आला. "आत माहे आईबाबा झोपून आहे. नका उठवू, भाऊ. मी इथीच उभा आहो."

आता मी पुन्हा फडताळात आहे. येत्या धानाला एक रात्र बाबांची आणि एक आपली, असं निकेशनं ठरवलं आहे. मचाणावर तोही मलाच नेणार म्हणतो. पाहू या. बोलणं सोपं असतं आणि पहाटेची थंडी वाईट असते. पण बोलला तरी.

तुमच्या घरातही कुणीतरी जागलीवर असेल, मित्रांनो. शेतातच असेल असं नाही. आजारी माणसाच्या उशाशी असेल, रात्रपाळीवर असेल, नाही तर मागच्या दारी नुसतं उभं असेल. त्याला काय दाखवायचं ते ठरवण्याआधी त्याची झोप झाली आहे का, एवढं विचारा. आणि माझ्यासारखीला फडताळात ठेवाल तेव्हा पोटातले सेल आठवणीनं काढून ठेवा. या खेपेला गुणवंतरावानं ते काढले. आत काहीच जागं नसलं की पडून राहणं किती हलकं वाटतं, हे मला या वयात कळलं.