चौथा नारळ

आमच्या सासूबाई हट्टी आहेत हे मी लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. पण त्या साक्षात देवाशी पंगा घेतील असं काही वाटलं नव्हतं.

देव म्हणजे वेशीवरचा वीर. गोखिवऱ्यापलीकडे खाडीच्या अंगाला आमचं गाव, आणि गावाच्या तोंडाशी कमरेएवढा दगड, शेंदरानं पार माखलेला. दर दसऱ्याला सासूबाई, म्हणजे यमुनाबाई, त्याला शेंदूर लावणार, तीन घरांचे तीन नारळ तिथे फुटणार, आणि चौथा नारळ माझा नवरा जितेश स्कूटरवरून पापडीला सालोमीबाईंच्या घरी पोचवणार. का, ते कुणालाच माहीत नाही. "मानाचा आहे," एवढंच उत्तर. जितेश पेट्रोलच्या नावानं कुरकुरत जातो आणि येताना तिकडची केळी घेऊन येतो.

यंदा दसरा झाला आणि गटाराच्या कामाची नोटीस आली. दगड म्हणजे अनधिकृत देवस्थान, आठ दिवसांत हलवा. सासूबाई थेट पालिकेच्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"देव नाय तो. आमच्या घरचा धर्मा, वरच्या आळीतला गोमा आनि पांडू. लढाईला बोटीनं गेलं, परत आलं नाय. त्यांचा दगड हाय."

"तसं कुठे लिहिलंय?" साहेबांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता. "स्मारक असेल तर मी गटार वळवतो. पण दगडावरचा लेख दाखवा, आणि गेलेल्यांची नावं लिहून द्या."

लेख होता, पण शेंदराखाली. सासूबाईंच्या सासऱ्यांनी लहानपणी अक्षरं पाहिली होती म्हणे. शेंदूर काढायचा म्हटल्यावर गावातले वडीलधारे शत्रुघ्नकाका भडकले.

"देवाला खरवडनार? उद्या गावावर काय आलं तर?"

"पन्नास वर्सं माज्याच हातानं चढवलाय. माजाच हात काढील. काय यायचं ते माज्यावर येऊ दे."

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मुलगी बारावीला, आणि मी मनातल्या मनात वीराची माफी मागत होते. सासूबाईंनी मात्र तेल कोमट केलं, करवंटी घेतली आणि दगडापुढे बैठक मारली. पहिल्या दिवशी त्या एकट्याच खरवडत होत्या. दुसऱ्या दिवशी मला लाज वाटली आणि मीही ओढणी खोचून बसले. निघालेला शेंदूर टोपलीत जमा करायचा, खाडीत सोडायचा, एक कणही पायाखाली जाऊ द्यायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. तिसऱ्या दिवशी शत्रुघ्नकाका आले, भरलेली टोपली उचलली आणि खाडीकडे चालू लागले.

संध्याकाळपर्यंत अक्षरं निघाली. 'या गावातून अकरा माणसे सन १९१४-१९ च्या महायुद्धास गेली. त्यांपैकी चौघांनी प्राण दिले.' नाव एकाचंही नाही.

"चौघं?" काका म्हणाले. "घरं तर तीन. चौथा कोन? जाऊ दे यमुना, तीनच नावं दे."

"दगडावर चार हायत. मी तीन सांगनार नाय."

साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. सासूबाई जेवल्या नाहीत. त्यांचं ताट झाकताना माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. "आई, घरं तीन," मी म्हटलं, "पण नारळ चार."

तशाच उठून आम्ही पापडीला गेलो. सालोमीबाईंनी आधी पाणी दिलं, मग सांगितलं.

"इनास. माझ्या आजोबांचा भाऊ. आमचं घर तेव्हा तुमच्याच गावात होतं. बोटीनं लढाईला गेला तो गेलाच. थडगं नाही ना त्याचं, म्हणून दोन नोव्हेंबरला, सगळ्या मृतांच्या स्मरणदिवशी, आम्ही चर्चच्या मोठ्या क्रुसाखाली मेणबत्ती लावतो."

"आणि आमचा नारळ?" मी विचारलं.

"आजी सांगायची, तिकडून येतो, परत पाठवायचा नाही. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. आम्ही नाताळच्या करंज्या करतो त्याच्या."

"आमची मानसं इनासला इसरली नव्हती गं," सासूबाई म्हणाल्या. मला रडू आवरेना.

दुसरा दिवस नेमका दोन नोव्हेंबर. साहेबांनी दगड वाचला, चार नावं लिहून घेतली आणि गटारासाठी आखलेली चुन्याची रेघ चार हात बाजूला ओढायला लावली. सालोमीबाई मेणबत्ती घेऊन आल्या होत्या. सासूबाईंनी पिशवीतून नारळ काढून त्यांच्या हातात दिला.

"लय वर्सं घरपोच केला. आता हितं तूच फोड."

पहिल्या घावाला तो फुटलाच नाही.

"जोरात मार, सालोमी," शत्रुघ्नकाका मागून म्हणाले.

दुसऱ्या घावाला फुटला, आणि पाणी त्या 'चौघांनी'वर उडालं.