लाल खुणेच्या खाली

सकाळचं दूध गॅसवर ठेवताच फाटलं. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. मामाने आधी पातेल्यात डोकावून पाहिलं, मग आजीकडे. तो दंतवैद्य आहे. समोरच्याने तोंड उघडायच्या आत दुखणं कुठे आहे ते ठरवून टाकायची त्याला सवय.

"आई, किटली रात्री पाण्यात सोडली होतीस ना?"

"सोडली होती. लाल खुणेपर्यंत."

"नक्की? की धक्क्यावरच राहिली आणि सकाळी सोडलीस?"

"अरे, तू जन्मायच्या आधीपासून सोडतेय मी ती किटली!"

"तेच तर म्हणतोय मी," मामा हळूच म्हणाला.

किटलीचं आधी सांगायला हवं. आजीचं घर तळ्याच्या काठावर आहे. तिचा फ्रीज एकट्या माणसापुरता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगा, मुलगी, सून आणि आम्ही नातवंडं येऊन धडकलो की त्यात पाण्याची बाटलीसुद्धा मावत नाही. म्हणून घट्ट झाकणाची दुधाची किटली लाकडी धक्क्यावरून दोरीने तळ्यात सोडायची, ही आजोबांची युक्ती. आजोबा गेले, युक्ती राहिली. दोरीवर एके ठिकाणी लाल कापडाची पट्टी आहे. आजी शिवणकाम करायची, त्यामुळे पट्टी बांधलेली नाही, शिवलेली आहे. ती धक्क्याच्या लोखंडी कडीशी आली की थांबायचं आणि दोरी कडीत अडकवायची. खाली किटली दोन पुरुष खोल, गार पाण्यात.

मी नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेतली आहे, तेव्हा हेही सांगते. उन्हाळ्यात तळ्याचे दोन थर होतात. ऊन खाल्लेलं पाणी हलकं, ते वर राहतं. गार पाणी जड, ते खाली बसून असतं. मधली सीमा इतकी स्पष्ट, की सूर मारला की आधी कपाळाला कळते. एकाच तळ्यात राहून दोघं उन्हाळाभर एकमेकांत मिसळत नाहीत. हे पुस्तकात वाचलं तेव्हा मला आमच्या घरातली सुट्टी आठवली होती.

आम्हा सगळ्यांच्या लहानपणी पराक्रम एकच होता: बुडी मारून किटलीला हात लावून येणं. तो मामाला जमला नाही, माझ्या आईला नाही, मला नाही. गारव्याची रेघ लागायची, कान ठणकायचे आणि आपण वर.

दूध नासणं एरवी कुणी मनावर घेतलं नसतं. पण हा उन्हाळा संपला की घर बंद करायचं आणि आजीने आळीपाळीने मामाकडे आणि आमच्याकडे राहायचं, असं मामाचं आणि आईचं घाटत होतं. आजीने सुरुवातीला ते थट्टेवारी नेलं. "मी काय वाचनालयातलं पुस्तक आहे का, मुदत संपली की परत करायला?"

दूध नासायला लागल्यापासून मात्र सगळ्यांना सगळंच दिसू लागलं. आजी मला आईच्या नावाने हाक मारते. जन्मापासून मारते. आता ते लक्षण ठरलं. चष्मा डोक्यावर ठेवून मामीसुद्धा घरभर शोधत फिरते, पण आजीने शोधला की मामा आईकडे बघायचा. एकदा उत्तर ठरलं की पुरावे आपोआप रांगेत येऊन उभे राहतात.

वाईट याचं वाटत होतं की आजीलाही ते पटू लागलं होतं. "मीठ घातलं ना गं मी?" असं ती दर जेवणाला विचारायची. त्या सकाळी फाटलेलं दूध ओतून देऊन ती दाराशी गेली, खिळ्यावरची घराची किल्ली काढली आणि माझ्या आईच्या हातात ठेवली.

"तूच सांभाळ. माझ्याकडून पडायची कुठेतरी."

आईने किल्ली घेतली. घेताना आजीकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी आजी मला म्हणाली, "चल गं धक्क्यावर. मी सोडते, तू बघ." तिला साक्षीदार हवा होता. मी उभी राहून पाहिलं. दोरी सरसरत गेली, लाल पट्टी कडीशी आली, आजीने दोरी अडकवली. "बरोबर?" "अगदी बरोबर."

दुसऱ्या दिवशी दूध पुन्हा फाटलं.

"मामा, मी स्वतः तिथे होते," मी म्हणाले.

"मग दूधच शिळं असणार. आणलं कुणी?"

"तुम्हीच," मामी म्हणाली.

आता माझी झोप उडाली. दूध ताजं, दोरी खुणेपर्यंत, तळं तेच. यातलं काहीतरी खोटं होतं आणि माणसांपैकी कुणी खोटं बोलत नव्हतं.

दुपारी आजी घरात होती, नव्या दुधाची किटली पुन्हा पाण्यात होती आणि आम्ही बाकी सगळे धक्क्यावर पाय सोडून बसलो होतो. टिटवी पोहत होती. टिटवी म्हणजे मामाची धाकटी. आवाजावरून पडलेलं नाव. ती पाण्याबाहेर आली ती किंचाळतच.

"लावला! किटलीला हात लावला!"

"शाब्बास!" मामा टाळ्या वाजवत म्हणाला. "बापाला जमलं नाही ते लेकीने केलं."

"कान दुखले का गं?" मी विचारलं.

"कान कशाला दुखतील?"

"आणि पाणी? गार लागलं?"

"छे! मस्त कोमट आहे."

मी उठून दोरी ओढली. किटली फारच लवकर वर आली. लाल पट्टी जागच्या जागी होती. पण किटलीच्या कडीला बसलेली गाठ मुठीएवढी, ओबडधोबड होती. आजीच्या गाठी बटणाएवढ्या असतात. काठावरच्या झाडाला मामाने आल्या दिवशी टांगलेला झोका वाऱ्याने हलत होता. त्याची एक दोरी पांढरट होती, दुसरी हिरवट, शेवाळाचा डाग मुरलेली.

"मामा, झोक्याची ती दोरी कुठून आणलीस?"

"ती होय? एक बाजू कमी पडत होती. म्हणून किटलीच्या दोरीचं खालचं टोक घेतलं कापून. वरच्या खुणेला हात नाही हं लावला मी, आईची ती..."

आणि तो थांबला.

"काय झालं?" टिटवीने विचारलं. तेवढ्यात आजी ओल्या हातांनी बाहेर आली. तिने किटलीची गाठ हातात घेतली आणि उसवलेली शिवण पाहावी तशी पाहिली.

"ही कुणाची?"

"माझी," मामा म्हणाला.

"लोकांच्या दातांच्या तारा अशाच बांधतोस का रे?"

मामा हसायला गेला, पण हसू आलं नाही. "आई, माझ्या लक्षातच आलं नाही गं. आणि मी तुलाच..."

"माझ्या तरी कुठे आलं?" आजी धक्क्यावर बसली. "रोज ओढतेय ना मी. किटली पटकन वर यायची. मला वाटलं, मधलं ओढलेलं मीच विसरते."

मामा ताडकन उठला आणि झोका सोडायला निघाला.

"राहू दे झोका. पोरं बसतात. दुसरी दोरी आण."

मामाने मोटारीच्या डिकीतून दोरी आणली. आजी झोक्यापाशी गेली. "हलू नकोस गं," असं टिटवीला बजावून तिने झोक्याची हिरवट दोरी हाताने मापली, तेवढीच नवी कापली आणि किटलीच्या दोरीला जोडली. गाठ बटणाएवढी झाली.

सकाळी पातेल्याभोवती सगळे जमले होते. दूध तापलं, साय धरली, हळूच फुगलं. आजीने गॅस बंद केला.

"तरी पण आई," मामा म्हणाला, "हिवाळ्यात एकटीने इथे..."

"हिवाळ्याचं हिवाळ्यात बघू." तिने माझ्या आईपुढे हात केला. "किल्ली."

आईने खिशातून किल्ली काढून दिली. या वेळी तिच्याकडे पाहून दिली. आजीने ती खिळ्याला अडकवली, ओट्याशी परत आली आणि मला आईच्या नावाने हाक मारून साखरेचा डबा मागितला.

मी डबा दिला. कुणी कुणाकडे बघितलं नाही.