गाडी अजून देशात आलेली नाही

शेवटच्या साध्या दिवशी बंदर आमच्या घरापासून पावणेचारशे किलोमीटरवर होतं. दुसऱ्या दिवसापासून ते फाटकाबाहेर आहे.

तो साधा दिवस मंगळवार होता. बाबांची गाडी बोटीवर चढल्याचा कागद आदल्या संध्याकाळी आला होता आणि ती पोर्चमध्ये मावेल का, हे मोजायला त्यांनी मला सकाळी उठल्या उठल्या लावलं होतं. गाडी लहान, दोन दारांची, इंजिन मागे. चाळीस वर्षांपूर्वी फाउंड्रीनं बाबांना सहा महिने परदेशी शिकायला पाठवलं होतं, तेव्हा तिथला एक फोरमन त्यांना रोज तिच्यातून कामावर न्यायचा. "आपल्याकडे विकत नाहीत ती," असं सांगताना बाबा आवाज खाली आणायचे, एखाद्या न मिळणाऱ्या औषधाबद्दल बोलावं तसा. निवृत्तीनंतरची नऊ वर्षं त्यांनी तिच्यासाठी परवानग्या मागण्यात घालवली.

तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. आमच्या जुन्या गाडीत पुढची डावीकडची जागा लहानपणापासून माझी. "आमची उजू डावी," असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

"आता तुझ्या जागेवर स्टिअरिंग येतंय," ते त्या मंगळवारी म्हणाले. "मी नुसता शेजारी बसणार."

"मला चालवता येत नाही, बाबा."

"न येऊ दे. बसता येतंय ना?"

मी पोर्च मोजून अकरा फूट सांगितला. त्यांनी माझ्या हातातली पट्टी पाहिली आणि कपाळावर हात मारला. बाबा पॅटर्न मेकर होते. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागतो, आणि लोखंड गार होताना आकसतं म्हणून लाकडातला थोडा मोठा ठेवावा लागतो. त्यासाठी त्यांच्याकडे एक वेगळी पट्टी होती. दिसायला इतर पट्ट्यांसारखीच, पण तिचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. मी नेमकी तीच उचलली होती.

"मग आता घर गार झाल्यावर अकरा फूट भरेल," बाबा म्हणाले आणि पट्टी खिशात घातली.

साडेनऊला मी कॉलेजच्या ग्रंथालयात जायला निघाले. फोन कानाला होता.

"जाते मी, बाबा."

"येते म्हण."

"तेच ते."

त्यावर ते काहीतरी म्हणाले. त्याच वेळी फाटकाची कडी वाजली, म्हणून मला ते ऐकू आलं नाही.

अकरा चाळीसला कमळाआत्याचा फोन आला. आत्या बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहते. "उजू," ती म्हणाली, "दादा गेला गं."

"कुठं गेले?" मी विचारलं.

माझ्या तोंडून खरोखरच असं निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडलं तर समोरची पिठाची गिरणी नव्हती. तिथं धक्का होता, क्रेन होत्या, तीन-तीन रचलेले कंटेनर होते. पाणी संथ होतं. भेटायला येणारी माणसं कंटेनरमधून वाट काढत यायची, चपला फाटकाशी काढून आत बसायची आणि बाबांचं चांगलं बोलायची. बंदराबद्दल कुणी बोललं नाही. निघताना कुणी "येतो" म्हणालं नाही. सुतकाच्या घरातून निघताना तसं म्हणायचं नसतं. उठायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. तेरा दिवस आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही.

चौदाव्या दिवशी गाडी उतरली. फिक्या पिस्त्याच्या रंगाची. बाबा तिच्यात उजवीकडे बसले होते. पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल, खिशात पट्टी. काचा वर केलेल्या होत्या. मी हात हलवला. ते शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले.

"आत्या, बाबा गाडीत आहेत."

आत्या कपाळावर हात धरून बघत राहिली. "शर्ट तर तोच आहे," ती म्हणाली. "कॉलर उसवलीय बघ. शिवायची राहिलीच माझी." मग पदरानं डोळे पुसले. "जा, साहेबाला गाठ कुणाला तरी. कागदाबिगर सोडायचे नाहीत."

फाटकापासून गाडी चाळीस पावलांवर होती. मी चाळीस पावलं चालले. गाडी चाळीस पावलांवर होती. आणखी चाळीस चालले. मग वळले, तर फाटक पाठीशीच होतं.

साहेब आपणहून आले. त्यांचं नाव तांडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं टेबल फाटकाच्या आत, तुळशीजवळ मांडलेलं होतं. त्यांच्यासमोर एकच रजिस्टर होतं आणि त्यावर आमच्या घराचा नंबर.

"बसा, ताई," ते म्हणाले. "तुमची फाइल आयातीत नाही. निर्यातीत आहे."

"गाडी बाहेरून आलीय."

"गाडीवरून ठरत नाही ते. घरात शेवटचा शब्द काय झाला, त्यावरून ठरतं." त्यांनी पान उलटलं. "मंगळवार, नऊ बत्तीस. 'जाते मी, बाबा.' जाते म्हटलं की निर्यात. गाडी आणि गाडीतला माणूस, दोन्ही त्यात आले."

"ते मी माझ्याबद्दल म्हटलं होतं."

"कोण जातंय, असा रकाना नाही ह्यात."

"चुकून म्हटलं."

"चूक सगळ्यांचीच होते. पण वडिलांनी तुम्हाला दुरुस्ती सुचवली होती. हे बघा. 'येते म्हण.' वेळ तीच, नऊ बत्तीस. त्यावर तुमचं उत्तर..." त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं. "'तेच ते.' आमच्याकडे ते तेच नाही, ताई."

आत्या चहा घेऊन आली. "घ्या की साहेब. उन्हात बसलाय कवाचे."

"सुतकाच्या घरचा नको, बाई."

"सुतक परवाच फिटलं की."

"कागदावर फिटलेलं नाही," तांडेल म्हणाले. कप त्यांनी घेतला नाही, पण त्यावरची माशी हाकलली.

मी विचारलं, "मी फाटकाबाहेर पडल्यावर बाबा काहीतरी म्हणाले होते. ते लिहिलंय का?"

"लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"ते देता येत नाही. ते त्यांच्याबरोबर जाईल."

"कधी?"

"उद्या. चारच्या भोंग्याला बोट सुटते."

चारचा भोंगा उद्यमनगरातल्या फाउंड्रीचा. त्या भोंग्याला बाबा छत्तीस वर्षं घरी यायचे.

"मग मी आत्ता म्हणते," मी म्हणाले. "ये..."

तांडेलांनी पेन उचलून माझ्या तोंडासमोर आडवं धरलं. "इथं नको. सुतकाच्या घरात हा शब्द का म्हणत नाहीत, ठाऊक आहे ना? म्हटला की त्या घरी पुन्हा अशाच कामाला यावं लागतं लोकांना. घरात तुमच्या आत्याबाई आहेत."

आत्यानं ट्रे छातीशी धरला.

"मग बाहेर जाऊन म्हणते."

"बाहेर बंदर आहे. बंदरात बोललेलं सगळं निर्यातीतच धरतात."

मी मागच्या दारानं बाहेर पडायला गेले. मागच्या दारापाशी पाणी होतं, पायरीला लागून, आणि त्यात आमचीच केरसुणी तरंगत होती. मी ग्रंथालयात फोन लावला. तांडेलांनी टेबलावरचा उचलला. "बोला, ताई," ते म्हणाले. मी ठेवून दिला. मग आजवर वाचलेल्या पुस्तकांतून असा एखादा शब्द आठवून पाहिला, जो "येते"च्या ऐवजी चालला असता. निघते, चालले, निरोप घेते. सगळे निघून जाण्याचे होते. आपल्या भाषेत जाताना परत येण्याचं म्हणणारा शब्द एकच आहे आणि तो मला चार वर्षांची असताना बाबांनीच शिकवला होता, उंबऱ्यावर उभं करून, मी तो म्हणेपर्यंत बोट न सोडता.

घर आकसत होतं. पट्टी बाबांच्या खिशात होती म्हणून मी पावलांनी मोजलं. पुढचा सोपा नऊ पावलं होता, तो संध्याकाळी सहा भरला. सकाळी चार. टेबलं, कपाटं तेवढीच होती, फक्त भिंती जवळ आल्या होत्या. देवघर स्वयंपाकघरात आलं होतं आणि स्वयंपाकघर माझ्या खोलीत.

"गार होतंय," आत्या म्हणाली. ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, कारण खाली पाय ठेवायला जागा उरली नव्हती. "दादा सगळं थोडं मोठं करायचा. मला वाटायचं, हिशोबात कच्चा आहे."

भिंती जवळ येत होत्या तसं बंदरही जवळ येत होतं. तांडेलांचं टेबल तुळशीपासून पोर्चमध्ये आलं, पोर्चमधून सोप्यात. दुपारी तीनला ते पलंगाला टेकलं आणि रजिस्टर आत्याच्या गुडघ्यांवर ठेवावं लागलं. "माफ करा हं," ते म्हणाले. आत्या म्हणाली, "ठेवा की, कुठं ओझं आहे."

आणि ज्या गाडीपर्यंत मला चालत जाता आलं नव्हतं, ती त्यांच्यामागून आत आली. कुणी ढकलली नाही. घरच तिच्यापर्यंत आकसलं. साडेतीनला तिचा डावा दरवाजा पलंगाच्या कडेला लागला होता आणि पलीकडच्या काचेबाहेर, जिथं आमची भिंत असायची, तिथं बोटीचं काळं पोलाद होतं.

मी काच ठोठावली. "बाबा, काच खाली करा."

त्यांनी केली नाही.

"तांडेल साहेब, काहीही करा," मी म्हणाले. "मी पाया पडते तुमच्या." खाली वाकायला जागा नव्हती, म्हणून मी रजिस्टरवर डोकं टेकलं. पानाला लाकडाच्या भुशाचा वास होता.

"अहो ताई, उठा. माझ्या हातात असतं तर..." ते खरोखरच संकोचले. "नियम दोनच. सुतकाच्या घरात म्हणायचं नाही. बंदरात म्हटलेलं धरायचं नाही. तिसरी जागा असेल तर दाखवा."

घरात मी, आत्या, पलंग, तांडेल, टेबल आणि गाडी एवढंच मावत होतं.

आत्या गाडीकडे बघत होती. "उजू," ती म्हणाली, "ही आपल्याकडे विकत नाहीत, न्हाय का?"

"नाही."

"मग ती आपल्याकडची नव्हेच की. अजून आली कुठं?" ती तांडेलांकडे वळली. "काय वो साहेब? हिच्या आत घर कुणाचं? आणि बंदर कुणाचं?"

तांडेलांनी पानं उलटली. पुढून मागे, मग मागून पुढे. उरलेल्या तीस मिनिटांतली दहा त्यात गेली. शेवटी त्यांनी रजिस्टर मिटलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"गाडी अजून देशात आलेली नाही," ते म्हणाले. "आत काय बोलावं, ह्याला नियम नाही."

"मग आत म्हटलं तर आयात होईल?"

"ते मला सांगता येणार नाही, ताई. येणाराही हाच शब्द म्हणतो आणि निघणाराही. कशात धरायचा ते भोंग्यानंतर कळतं. तुम्ही आत असाल तेव्हा तुम्हीही त्यातच आलात."

मी दरवाजाला हात लावला. तो उघडाच होता.

आत्यानं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. दारातून निघणाऱ्याला ती रोज जे म्हणते, ते तिच्या ओठांवर आलं. "य..." ती म्हणाली आणि पदराचा बोळा तोंडात धरला.

मी माझ्या जागेवर बसले. स्टिअरिंग छातीला टेकत होतं. आत्यानं बाहेरून दार लावलं, हलक्या हातानं, बाबा दुपारी झोपलेले असताना लावायची तसं. आत सागवानाचा वास होता, आणि गार होतं. बाबा माझ्याकडे पाहत होते की माझ्या जागेकडे, हे कळत नव्हतं. आमच्यामध्ये एक वीतभर अंतर होतं; त्यांच्या पट्टीनं मोजलं असतं तर थोडं कमी भरलं असतं. मी त्यांचा हात हातात घेतला. तो गार होता, आणि माझ्या हाताएवढाच झाला होता. कॉलरचा उसवलेला दोरा त्यांच्या मानेवर लोंबत होता.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात?"

समोरच्या काचेतून तांडेल दिसत होते. त्यांनी रजिस्टर पुन्हा उघडलं होतं आणि पेनचं टोपण काढलं होतं. त्यांच्यामागे आत्या दिसत होती, एवढीशी, पलंगासकट. समोर घर होतं आणि मागे पाणी, की समोर पाणी होतं, हे त्या काचेत ठरत नव्हतं.

भोंगा सुरू झाला.

मागे इंजिन चालू झालं. मला चालवता येत नाही. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. बाबांनी कानावरची पेन्सिल काढली, माप लिहून घेण्याआधी ते काढायचे तशी, आणि माझ्या सांगण्याची वाट पाहू लागले.

"बाबा," मी भोंग्याच्या वर आवाज काढून म्हणाले, "येते."