रिलीव्हर येईपर्यंत

"अगं नूतन, सापडलं का काही? दवाखान्यांचे रिपोर्ट अडकलेत, लोक फोन करकरून जीव खातायत माझा," हेडफोनमधून गीतांजली म्हणाली. गीतांजली म्हणजे नूतनची पुण्यात बसणारी टीम लीड. नवीनच आलेली, कामाला वाघीण, पण धीर म्हणून नाही.

"बघून राहिली," अशी घरची बोली तोंडातून जाताच नूतनने जीभ चावली. "बघतेय."

भिलाईत, स्टील प्लांटच्या लीजवर घेतलेल्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत बसून नूतन हे काम करायची. रिपोर्टचं ते सॉफ्टवेअर म्हणजे काही एक प्रोग्राम नव्हे. शंभरेक बारके प्रोग्राम, ज्याचा त्याचा वेगळा बंद डबा, आणि ते सगळे डबे सांभाळणारा एक क्लस्टर. एका डब्याला दुसऱ्याशी बोलायचं तर आधी त्याचा पत्ता विचारायचा. पत्ते सांगणारा कारकून आत एकच, आणि काल संध्याकाळपासून तो बिचारा कुणालाच वेळेवर उत्तर देत नव्हता. का देत नव्हता हे शोधायला नूतनकडे एक साधन होतं. त्यात ना चित्रं ना बटणं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, की कोणता डबा कोणाला हाका मारतोय ते ओळीओळीने समोर येतं.

तिने हुकूम दिला आणि ओळी धो धो पडायला लागल्या. प्रत्येक ओळीत हाक मारणाऱ्याचं नाव एकच होतं. धरम-टेस्ट.

हे नाव तिच्या नवऱ्याने दिलेलं. धर्मेंद्र याच कंपनीत, याच खोलीत, पलीकडच्या टेबलावर बसायचा. दीड वर्षापूर्वी एका दुपारी त्याने कसलीशी टेस्ट सुरू केली, "चालू राहू दे, आलोच मी," म्हणाला आणि स्कूटर घेऊन चार्जर आणायला सिविक सेंटरच्या बाजारात गेला. ट्रकवाल्याने त्याला परत येऊ दिलं नाही.

"कोण गं हा धरम?" गीतांजलीलाही ओळी दिसत होत्या. तिला बिचारीला काय ठाऊक! "एकटाच सगळ्यांचा रस्ता अडवून बसलाय. उडव त्याला!"

सांगितल्या कामाला नाही म्हणायची सवय नव्हती. नूतनने डबा उडवला. ओळ गेली, आणि पापणी लवते न लवते तोच परत आली. धरम-टेस्ट, चालू. त्यात नवल काहीच नव्हतं. हा एक डबा कायम चालू ठेव, असं धर्मेंद्र क्लस्टरला सांगून गेला होता. डबा पडला की क्लस्टर नवा उभा करायचा, इमानेइतबारे. माणसाच्या बाबतीत देवाला एवढंही जमलं नाही, असं नूतनला वाटलं आणि तिचा बांध फुटला. तिने माइक बंद केला आणि टेबलावर डोकं टेकून ती रडली.

"पोरी, जेवाची नाहीस का? भाजी थंडी होऊन राहिली," म्हणत शेषराव आत आले. तिचे सासरे. सारी नोकरी प्लांटमध्ये क्रेनवर काढून रिटायर झालेले. सासूबाई जवळच्याच 'नंदिनी नगर' वस्तीत बहिणीकडे गेलेल्या, म्हणून आज भाजी त्यांनीच टाकली होती. "काय झालं? कावून रडून राहिली?"

"मामाजी, यांनी चालू केलेलं अजून चालूच आहे."

तिने पडद्यावरचं नाव दाखवलं. शेषरावांनी चष्मा पुसला, अक्षर अक्षर लावून वाचलं. मग धर्मेंद्रची खुर्ची ओढून ते तिच्यावर बसले. इतक्या दिवसांत त्या खुर्चीवर घरातलं कुणी बसलं नव्हतं.

"म्हणजे पोट्टा अजून ड्यूटीवरच आहे?"

"ते नाही मामाजी, त्यांचं..."

"समजते मले. एवढा अडाणी नाही मी." जरा वेळ ते ओळी पाहत राहिले. "काय पुसते तो?"

"'आहेस का?' एवढंच. समोरून 'हो' आलं की एक सेकंद थांबाचं, अन् मंग पुन्हा पुसाचं."

"कोणाले पुसते?"

"माह्याच डब्याले. मी लिहिला होता तो. जुना झाला म्हणून काल काढून टाकला मी. कोणी पुसत असते का, ते पाहाले पायजे होतं पहिले. नाही पाह्यलं. आता 'हो' म्हणणारं कोणी नाही, तर हा थांबतच नाही, कारकुनाले सारखा माह्या डब्याचा पत्ताच पुसत बसला. उत्तर नाही आलं तर काय कराचं, हे यांनी लिहिलंच नाही."

"त्याले का माहीत, तू उत्तर देणार नाहीस म्हणून," शेषराव म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांनाच कसंसं झालं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मामाजी, माहा डबा परत ठेवला तरी भागते," नूतन घाईघाईने म्हणाली. "तो पुसत राहीन, मी हो म्हणत राहीन. कोणाले काही त्रास नाही. कोणाले समजणारबी नाही."

शेषरावांचे डोळे चमकले. क्षणभर वाटलं, ते हो म्हणणार. त्यांचं एकुलतं एक पोर होतं ते. पण ते बोलले ते भलतंच.

"क्रेनवर रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, नाही आला तर उतरता येत नव्हतं आमाले. भूक लागो का ताप येवो, जागा सोडाची नाही. एकदा लागोपाठ तीन शिफ्टा बसलो मी वरते. खाली भट्टीची आग. एकच वाटे, बाप्पा, कोणीतरी या न, मले उतरू द्या." त्यांनी पडद्यावरच्या नावाकडे बोट केलं. "दीड वर्ष झालं त्याले, नूतन."

नूतनने डोळे पुसले. या वेळी डबा नव्हे, डबा चालू ठेवायचा मूळ हुकूमच मागे घ्यायचा होता. तिने तो टाइप केला, पण एंटरवर बोट काही जाईना. दोनदा गेलं आणि परत आलं.

"कोणतं दाबाचं?" शेषरावांनी विचारलं.

तिने दाखवलं. ते खुर्चीवरून उठले, पडद्याकडे वाकले, आणि शिफ्ट बदलताना शिडीखाली उभं राहून जसं वरच्याला सांगत, तसं म्हणाले, "उतर बेटा. आलो मी."

आणि त्यांनी बटण दाबलं.

"सुटलं!" हेडफोनमधून गीतांजली ओरडली. "भराभर जातायत रिपोर्ट! काय होतं गं?"

नूतनने माइक सुरू केला. "जुनी टेस्ट होती. चालू राहिली होती."

"लोक पण ना! चालू करून खुशाल निघून जातात."

"हो," नूतन म्हणाली.

शेषरावांचं बोट अजून ते बटण दाबूनच होतं. काळ्या पडद्यावर एकामागून एक रिकाम्या ओळी सरकत होत्या.