वरच्या वर्गाची एक जागा

माधवला लाज म्हणून उरली नव्हती. मुंबईला कचेरीत नोकरी करणारा, चांगला शिकलेला मुलगा, आणि दिघीच्या बंदरावर भर माणसांत तिकीटमास्तराच्या खिडकीला असा चिकटला होता, की बघणाऱ्याने मान फिरवावी.

"मास्तर, बघा ना काही. फरकाचे पैसे आत्ता मोजतो. आईला वरचा वर्ग करून द्या."

मास्तर नाही म्हणत होता आणि हा पुन्हा विचारत होता. अनुसूयाबाई वळकटीवर बसून ऐकत होत्या आणि आतल्या आत जळत होत्या. त्यांच्या वाडीतली सुपारी न्यायला व्यापारी दारात येऊन उभे राहत. कुणाच्या खिडकीशी तोंड वेंगाडणं त्यांच्या घराण्याला ठाऊक नव्हतं.

"माधव, पुरे झालं. खालच्या वर्गात काय वाघ बसलेत?"

"आई, मुंबईच्या धक्क्यावर माझे सासरे येणार आहेत. कोंबड्यांच्या खुराड्यांतून तू बाहेर पडलीस तर काय दिसेल?"

"तुझी आई दिसेल. आणखी काय दिसायचंय?"

बोलल्या खऱ्या, पण निघताना शेजारच्या गोदूला त्यांनीच ऐकवलं होतं, 'आम्ही बाई वरच्या वर्गाने जाणार.' गोदूच्या तोंडात गेलेली गोष्ट दुपारपर्यंत विहिरीवर पोचत असे. त्यामुळे मास्तराच्या उत्तराकडे त्यांचाही कान होताच.

मास्तर शेवटी वैतागला. "अहो, आगबोट रत्नागिरीकडूनच भरून येते. दिघीच्या वाट्याला वरच्या दोन जागा. एक गेली. दुसरी ज्याने धरलीय तो शिटी होईपर्यंत आला नाही, तर सुटेल. पण मग ती त्या बाईंची. पहाटेपासून बसल्यात बिचाऱ्या."

त्या बाई म्हणजे म्हसळ्याकडची बायजा. भातशेती करणारी, अनुसूयाबाईंहून चार वर्षांनी मोठीच असेल. शेजारी तांदळाचं गाठोडं, पदराच्या गाठीत फरकाचे पैसे. माधवने तिच्याकडे एकवार पाहिलं आणि खिडकीत आणखी वाकला.

"आईची छाती दुखते हो. डॉक्टरकडे नेतोय. खालच्या गर्दीत तिचं काही बरंवाईट झालं तर?"

सगळ्या माना अनुसूयाबाईंकडे वळल्या. 'खोटं बोलतोय मेला' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण त्या तोंडातून खोकला बाहेर पडला. चांगला दोनदा. आणि हात आपणहून छातीवर गेला.

बायजा उठली. "मास्तर, जागा सुटली तर त्यास्नी द्या. मी धडधाकट हाय. माझा ल्योक रावजी म्हनला व्हता, आये, येकदा वरनं ये, वाऱ्यानं. फुडच्या खेपेला यीन."

शिटी झाली. जागा सुटली.

मग आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढताना अनुसूयाबाईंना आजारीपण निभावून न्यावं लागलं. एरवी नारळाची पाटी डोक्यावर घेऊन ओहोळ ओलांडणारी बाई, तिला दोन खलाशांनी उचलून पडावात ठेवलं. चपला माधवने हातात घेतल्या. बायजा गुडघाभर पाण्यातून मागून येत ओरडत होती, "हळू रं बाबांनो, दुखणेकरी मानूस हाय!"

वरच्या डेकवर वेताची खुर्ची होती, वारा होता, जंजिऱ्याचे बुरूज समोरून सरकत होते. अनुसूयाबाईंना खुर्चीभर खाजकुयली पसरल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात जिन्यावरच्या खलाशाशी हुज्जत घालून बायजा वर आली. "काकूस बघून लगेच जाते" म्हणाली आणि सरळ पायांशी बसली. कोकमाच्या तेलाचा गोळा काढून त्यांचे तळवे चोळू लागली. अनुसूयाबाईंनी पाय ओढून घेतले, तर तिने परत धरले.

"घाबरू नका काकू. मी हरिहरेश्वराला बोलले हाय. काकूस्नी बरं वाटू दे, आमच्या गावापास्नं अनवाणी यीन, नारळ ठेवीन."

अनुसूयाबाईंची नजर खाली गेली. बायजाच्या टाचांना चिखलाने पडलेल्या भेगा होत्या, बोट जाईल एवढ्या. त्या टाचा आपल्या खोकल्यापायी हरिहरेश्वर गाठणार होत्या.

बायजा उठली, कठड्याला धरून क्षणभर समुद्राकडे बघत राहिली. "हितनं होड्या लई बारीक दिसत्यात. रावजीला सांगीन, बघितलं वरनं." आणि जिन्याकडे वळली.

"थांब, बायजा." अनुसूयाबाई खुर्चीतून उठल्या. आजूबाजूची चार माणसं ऐकत होती, त्यात दिघीचीही होती. गोदूपर्यंत हे जाणारच. "माझ्या छातीला काही झालेलं नाही. झालंच नव्हतं."

बायजाचा चेहरा पडला, मग सावरला.

"बरं झालं म्हना की."

"अगं, ते खोटं होतं. तुझा नवस लागू होत नाही."

"असं कसं? देवाला बोलले, काकू बऱ्या व्हऊ दे. तुम्ही बऱ्या हाव. मंग जायला नको का?"

अनुसूयाबाईंनी बायजाला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, खलाशाला बजावलं, "जागा हिचीच आहे, उठवशील तर बघ," आणि अनवाणीच जिना उतरल्या.

खाली वळकट्या, खुराडी आणि ओकणारी पोरं यांतून वाट काढत त्या माधवपुढे उभ्या राहिल्या. तो दचकून उठला.

"आई, तू खाली? लोक बघतायत. या घे चपला."

"राहू देत. सवय व्हायला हवी." आवाज चांगला खणखणीत होता, सगळ्या डेकला ऐकू जाईल असा. "परत आलो की बायजाबरोबर हरिहरेश्वराला अनवाणी मी जाणार आणि तूही येणार. धक्क्यावर तुझ्या सासऱ्यांना मी कुठून उतरले ते मीच सांगेन. निर्लज्ज तू एकटाच नाहीस, माधव. खोटं बोललास तू आणि खोकले मी. मग पाय तिने एकटीने का झिजवायचे?"