ऐकून घेतलं का?

बाकडी आठ. पंखे पाच, त्यांतले फिरणारे चार. 'शांतता राखा' अशा पाट्या तीन. मुलुंडच्या त्या ट्रस्टच्या रुग्णालयात, सकाळी पावणेदहाला, ओपीडीबाहेर एकशे सात माणसं होती आणि केसपेपर एकसष्ट. बाकीचे सोबतीला आलेले. तेजलला मोजायची सवयच होती. बीएस्सी होऊन वर्ष झालं होतं आणि इथे तिचं काम एवढंच, की डॉक्टरांकडून बाहेर पडणाऱ्यांकडून समाधानाचा फॉर्म भरून घ्यायचा. दिवसाला चाळीस.

"काकू, दोन मिनिटं?"

"विचार की, बाळा." नीलाकाकू बाकावर सरकून बसल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, नीटनेटक्या बाई. केसपेपर त्यांच्या मांडीवर होता. शेजारी त्यांची सून शर्मिष्ठा, तिशीची, खाली बघत बसलेली. आजारी ती होती.

"किती वेळ थांबावं लागलं?"

"पन्नास मिनिटं. पण बसायला मिळालं हो."

"कर्मचाऱ्यांची वागणूक?"

"उत्तम. त्या मावशींनी हिला पाणीसुद्धा आणून दिलं."

"तुमचं म्हणणं डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं का?"

"अगदी पूर्ण! अशक्तपणा आहे, जेवण जात नाही, मूल अंगावर पीत होतं, ते दूध आत्ताच तोडलंय, सगळं मी सांगितलं. आता रक्त तपासायला सांगितलंय."

"ह्यांना काही सांगायचंय?" तेजलने पेन शर्मिष्ठाकडे वळवलं.

"ती कसली बोलतेय!" काकू हसल्या. "आमच्या घराचं सरकारी तोंड म्हणजे मीच. लाइट बिलाच्या तक्रारीपासून सगळं."

शर्मिष्ठाही हसली, हसायला हवं म्हणून. काकूंनी प्रेमाने तिचा पदर सारखा केला. तेजलने लिहिलं: पाचपैकी पाच.

मग ती अंबादास सरांकडे गेली. फॉर्मचं काम तेच बघायचे. "सर, आज बावीस बायकांचे फॉर्म झाले. त्यांतले सोळा दुसऱ्यांनीच सांगितले. नवरा, सासू, भाऊ."

"मग? 'रुग्ण किंवा सोबतची व्यक्ती' असं छापलंय ना वर? झालं तर. चाळीस पुरे कर, यार. उगाच संशोधन नको."

रक्त घ्यायच्या खोलीवर मात्र वेगळं छापलेलं होतं: 'सोबतच्यांनी बाहेर थांबावे.' तेजल फॉर्म घेऊन तिथे आत शिरली. शर्मिष्ठा हातावर कापूस दाबून एकटीच बसली होती.

"वहिनी, तोच प्रश्न पुन्हा विचारते. डॉक्टरांनी तुमचं पूर्ण ऐकून घेतलं?"

"मी कुठे काय बोलले?" शर्मिष्ठा दाराकडे बघून हळूच म्हणाली. "छातीत गाठ आहे माझ्या. उजवीकडे."

"हे आत का नाही सांगितलंत?"

"नवऱ्याला सांगितलं, शौनकला, तर तो म्हणाला आईला सांग. आई म्हणाल्या, दुधाची गाठ आहे, जिरेल. एवढ्यासाठी पुरुष डॉक्टरपुढे कपडे काढायचे का? त्यांचंही चुकीचं नाही हो, त्यांना स्वतःला झाली होती, ती जिरली." ती थांबली. "जूनमध्ये आलो होतो तेव्हा वाटाण्याएवढी होती. तेव्हाही तुम्हीच विचारायला आला होतात. आईंना."

आता नोव्हेंबर होता. तेजलने पेनाला टोपण लावलं.

"डॉक्टर एक वाजेपर्यंत आहेत," ती म्हणाली. "चला."

दोघी बाहेर आल्या. काकू उठल्या. "झालं? चल, रिक्षा मिळतेय का बघू. पिल्लू उठलं असेल."

"आई, केसपेपर द्या."

"कशाला गं?"

"मला परत आत जायचंय."

"मग चल, मी सांगते ना काय ते."

"नाही. तुम्ही बाहेर थांबा."

आठही बाकांवरची माणसं बघायला लागली. काकूंचा चेहरा लाल झाला. "शर्मिष्ठा, लोक बघतायत. घरी बोलू."

शर्मिष्ठाने सासूच्या हातातून केसपेपर ओढून घेतला. कोपरा फाटला. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

काकू तेजलला म्हणाल्या, "तू काय पढवलंस हिला?"

"मी विचारलं, काकू. पाच महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं."

डॉक्टरांनी त्याच दिवशी सोनोग्राफी करायला लावली. साडेतीनला खिडकीतून रिपोर्ट आला आणि खिडकीतल्या माणसाने तो, नेहमीप्रमाणे, नीलाकाकूंपुढे धरला. काकूंनी हात पुढे केला नाही. त्यांनी सुनेकडे बघितलं.

तोवर तेजलने जूनच्या पहिल्या पंधरवड्याचा गठ्ठा काढून ठेवला होता. बायकांचे फॉर्म दोनशे बारा. 'ऐकून घेतलं का?' याला 'हो' म्हणणारे दोनशे तीन. उत्तर कोणी दिलं, याचा रकानाच नव्हता. चाळीस कोऱ्या फॉर्मांवर तिने तो पट्टीने आखला.

शर्मिष्ठाने रिपोर्ट उघडला आणि स्वतःच मोठ्याने वाचला.

"उजवा स्तन. गाठ एक, पाच पूर्णांक आठ बाय चार पूर्णांक सहा सेंटिमीटर. काखेत तीन."