सरूबाईची मांडणी

भिमाजीच्या बायकोला, सरूबाईला, इवल्या वस्तू जमवायचा नाद होता. लोणावळ्यात एका बंगल्यावर ती झाडलोट करायची. उन्हाळा संपला की बंगल्यातलं पारशी कुटुंब मुंबईला परत जायचं आणि मुलींच्या बाहुलीघरातलं मोडकं सामान केरात निघायचं. पाय तुटलेली बोटभर खुर्ची, दार निखळलेलं कपाट, पत्र्याचा पलंग. सरूबाई विचारून ते घरी आणी. खुर्चीला तिने खराट्याच्या काडीचा पाय लावला. बाजारातून दगडी जातं, उखळ, पितळी घागर अशी भातुकलीही घेतली. बिस्किटांचं लाकडी खोकं उभं करून त्यात ती हे सगळं मांडायची. मूलबाळ नव्हतं. एवढी बाई झाली तरी खेळतीय, म्हणून आळीतल्या बाया हसत. भिमाजी हसत नसे. खोक्यातल्या फळ्या आणि दाराची इवली चौकट त्यानेच ठोकली होती.

सन छत्तीसच्या आषाढात ती तापाने गेली. दिवसकार्य झाल्यावर भिमाजीने तिच्या लुगड्याचा तुकडा खोक्यावर टाकला. तिने मांडलंय तसंच राहावं, कुणाचा हात लागू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने स्वतःही तो तुकडा कधी उचलला नाही.

पुढल्या वर्षी भादव्यात अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. भिमाजीची बहीण झुंबरबाई औंढ्याहून आदल्या दिवशीच आली. भिमाजी लुगडं आणायला बाजारात गेला, तोवर तिने घर सारवलं. सवाष्णीला मळकं दिसू नये म्हणून खोकंही रिकामं केलं, पितळ चिंचेने घासलं, लाकूड पुसलं आणि सगळं सुपात ठेवलं.

भिमाजी आला आणि सुपाकडे बघत उभा राहिला. त्याचं तोंड बघून झुंबरबाई घाबरली. म्हणाली, "दादा, मी लावते की परत. कुटं काय व्हतं, सांग."

तिने काय कुठं मांडलंय, ते त्याने कधी नीट बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारची शालूबाई सवाष्ण म्हणून आली. सरूबाईशी तिचं रोजचं बसणं-उठणं. पान वाढायच्या आधीच भिमाजीने सूप तिच्यापुढे ठेवलं. मांडणी कशी होती तेवढी सांगा, म्हणाला.

"काय सांगू, भाऊ? एक मांडणी न्हवतीच. रोज सांजच्याला बदलायची ती," शालूबाई म्हणाली. "तुमी चिडून गेलात की ही खुर्ची भितीकडं तोंड करून. तुमाला उशीर झाला की दारात."

"आन शेवटची?"

"तवा मी माहेरी बेडशाला व्हते. मला न्हाई ठावं."

भिमाजी खाली बसला. शेवटच्या सांजेला सरूबाई तापातच उठली होती, भिंत धरत खोक्यापाशी गेली होती. ताप डोक्यात गेलाय असं समजून त्याने तिला धरून आणून निजवलं होतं; तिने खुर्ची कुठं ठेवली ते बघितलं नव्हतं.

झुंबरबाई दारातूनच म्हणाली, "घासायच्या नादात खुर्ची कुटं व्हती ते मी बघितलंच न्हाई रं, दादा." आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

शालूबाईला भिमाजीनेच वाढलं. आग्रह केला, लुगडं दिलं, पाया पडला. ती गेल्यावर तो खोक्यापुढे बसला. खुर्ची दारात ठेवली. जरा बघून उचलली. भिंतीकडे वळवली, मग एका कोपऱ्यात ठेवली, मग दुसऱ्या. कुठंच ती सरूबाईने ठेवलेली वाटेना.

झुंबरबाईने जेवायला हाक मारली. त्याने ओ दिली, पण उठला नाही. खुर्ची मुठीत होती आणि खोकं रिकामंच होतं.